शिबिर उठल्यावर त्या चिठ्ठीचं काय होतं?

तालुक्यातल्या रुग्णालयांचे संचालक, विश्वस्त, डॉक्टर आणि मोफत आरोग्य शिबिरं भरवणारी तरुण मंडळं, पतसंस्था व प्रतिष्ठानं यांना,

सप्रेम नमस्कार.

बसस्थानकासमोरच्या चौकात सध्या विजेचा एकही खांब मोकळा नाही. कुठे कुणाच्या वाढदिवसानिमित्त, कुठे कुणाच्या पुण्यस्मरणानिमित्त, तर कुठे रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त ‘भव्य मोफत सर्वरोगनिदान शिबिर’. सर्व रोगांचं निदान, तेही सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत! असो. फ्लेक्सवर फोटो किती आणि कुणाचा केवढा, याबद्दल मी बोलणार नाही. तो तुमचा प्रश्न आहे आणि तो तुम्हालाही सुटत नाही हे मला ठाऊक आहे.

मी बीड जिल्ह्यात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले तरी शिबिर आलं की फोन येतो, ‘सिस्टर, नोंदणीच्या टेबलावर तुम्हीच बसा, गावोगावची माणसं तुम्हाला ओळखतात.’ मी बसते, आणि हौसेने बसते. तेव्हा हे पत्र शिबिरांना नावं ठेवायला लिहिलेलं नाही. जिने उभ्या आयुष्यात दंडाला बीपीचा पट्टा बांधून घेतला नाही अशी म्हातारी शिबिराच्या निमित्ताने डोंगरावरच्या वस्तीतून खाली उतरते. दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे दुखणं कबूल करायचं, असं मानणारे बापे शेजारी निघाला म्हणून त्याच्यासोबत येतात. सरकारी यंत्रणेला हे इतक्या सहज जमत नाही. ते तुम्ही जमवून आणता.

माझं म्हणणं शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. मांडववाला कनात सोडून नेतो, डॉक्टर आपापल्या ओपीडीला परततात, आणि ज्यांना काही निघालं त्यांच्या हातात एक चिठ्ठी उरते. ‘बीपी १८०/११०. डॉक्टरांना दाखवा.’ आता शिबिरात बसले होते ते कोण होते, असं त्या माणसाने विचारलं तर काय सांगायचं? कोणत्या डॉक्टरांना दाखवायचं, कधी, तिथे किती पैसे लागतील, यातलं काहीच त्या चिठ्ठीवर नसतं. चिठ्ठीची दुसरी प्रत कुणाकडे नसते. नोंदणीच्या रजिस्टरात मी स्वतः नाव, गाव, वय लिहिलेलं असतं. काय निघालं हा रकानाच त्यात आखलेला नसतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘एवढ्या रुग्णांनी घेतला लाभ’ हा आकडा देण्यापुरतं ते रजिस्टर लागतं. नंतर ते कोणत्या कपाटात जाऊन बसतं, याचा पत्ता मला लागलेला नाही.

गंमत अशी की, याच मंडळांची रक्तदान शिबिरं मी पाहिली आहेत आणि ती चोख असतात. कारण तिथे रक्तपेढी येते. तिच्याकडे परवाना असतो, प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो, प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासावीच लागते, आणि ती पिशवी कुठे गेली याची नोंद राहते. पुरुषाने पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबायचं आणि बाईने चार, हेही मांडवातली पोरं तोंडपाठ सांगतात. मात्र त्याच मांडवात एखादी मुलगी हौसेने रक्त द्यायला येते, तिचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरतं, आणि ‘ताई, तुमचं रक्त कमी आहे, देता येणार नाही’ असं म्हणून तिला परत पाठवलं जातं. खरं तर त्या दिवशी मांडवात कुणाला डॉक्टरची गरज असेल तर ती तिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. घेतलेल्या पिशवीचा हिशेब आपण ठेवतो. जिची पिशवी घेतली नाही तिचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं.

आता शिबिराच्या दिवसाबद्दल थोडं. पत्रिकेवर ‘सकाळी ९ वाजता, उपाशीपोटी यावे’ असं छापलेलं असतं. लोक येतातही, पहिल्या एसटीने. उद्घाटक साहेब साडेअकराला येतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं. तोवर रांगेतल्या एखाद्या मधुमेही आजोबांना घाम फुटलेला असतो आणि आम्ही शालीखालचं साखरेचं पाकीट शोधत असतो. मी तुम्हाला हात जोडून सांगते, रक्त आधी घ्या, नाष्टा द्या, मग साहेबांचा सत्कार करा. साहेबही काही म्हणणार नाहीत. त्यांना बहुधा कुणी हे सांगितलेलंच नसतं.

बीपीचंही तसंच. स्टँडपासून उन्हात चालत आलेल्या माणसाला खुर्चीत बसवल्याबरोबर पट्टा आवळायचा, तोही स्वेटरच्या बाहीवरून, आणि वर त्याच्या तोंडात तंबाखूचा बार. अशा वेळी जो आकडा येतो त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पाच मिनिटं स्वस्थ बसवावं, हात टेबलावर ठेवायला लावावा, जास्त आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. पण रांग दारापर्यंत गेली की पाच मिनिटं कोण देणार? बोटाला टोचून काढलेली साखरही शंकेपुरती. पट्टीवर १४० च्या वर आलं की पुढे उपाशीपोटीची तपासणी नीट प्रयोगशाळेत करून घ्यायची असते. ती १२६ किंवा वर आली, आणि पुन्हा केल्यावरही तशीच आली, तर मधुमेह म्हणायचं. शिबिरात मात्र कुणी ‘तुम्हाला शुगर आहे’ म्हणून मोकळं होतं, आणि जेवून आलेला माणूस घरी जाऊन भाकरीच बंद करतो. उलटही होतं. ‘नॉर्मल आहे’ हे एकदा ऐकलेला माणूस पुढची पाच वर्षं ते वाक्य छातीवर बिल्ल्यासारखं मिरवतो.

एकदाच केलेल्या तपासणीचं मोल किती, याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात काढलेलं आहे, आणि आपल्या शिबिरांच्या बैठकीत त्याचा कुणी उल्लेख केलेला मी ऐकला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली एक मोठं काम हाती घेतलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. खेड्यापाड्यांतल्या, कोरडवाहू शेतीतल्या, आपल्यासारख्याच. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, म्हणजे पुस्तकी भाषेत गर्भाशयमुखाचा कर्करोग, वेळेत शोधून मरण टाळता येतं का हा प्रश्न होता. गावांचे गट पाडले. काही गावांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, काही गावांत पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, काही गावांत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, आणि काही गावांत नेहमीचं जे होतं तेवढंच चालू ठेवलं. प्रत्येक तपासणी एकदाच. निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही तपासणी झालेल्या गावांत या कॅन्सरने होणारी मरणं जवळजवळ निम्म्यावर आली होती. डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीने मात्र, एकदा केल्यावर, म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

आता दुसरं काम बघा. तेही टाटा मेमोरियलचंच, १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेलं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, त्यातल्या अर्ध्यांची तपासणी आणि अर्ध्यांना आरोग्य शिक्षण. तपासणी तीच, ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहायची. करणाऱ्या कोण? मोठे डॉक्टर नव्हेत. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायका. पण इथे ती तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली आणि जिला काही निघालं तिच्या उपचारांची सोय आधीच लावून ठेवली होती. तिथे या कॅन्सरची मरणं ३१ टक्क्यांनी कमी झाली. याच बायकांची स्तनांची तपासणीही हाताने केली होती; वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, त्याचा हिशेब मांडला गेला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरची मरणं जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी भरली. मॅमोग्राफीच्या गाडीशिवाय!

दोन्ही अभ्यासांची सरळ तुलना करू नये, गाव वेगळं आणि शहर वेगळं, हे मला कळतं. पण डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीत काही डाग सुटतातच, आणि पहिल्या फेरीत सुटलेला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडू शकतो, एवढं समजायला एमबीबीएस व्हावं लागत नाही. शिवाय दोन्ही ठिकाणी प्रत्येक बाईचं नाव कुणाच्या तरी वहीत होतं. कोणती आली नाही, कोणतीला काही निघालं, कोणती उपचार अर्ध्यात सोडून माहेरी गेली, हे बघणारं माणूस होतं. आपल्याकडे देशभरात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी दोन टक्केही अशा नाहीत ज्यांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे. तेही त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणातलं. त्यामुळे तुमच्या शिबिरात चाळीस बायकांची ही तपासणी झाली तरी मला आनंदच होईल. फक्त त्या चाळीस जणींच्या नावाची वही हवी.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, पाठपुरावा ठेवायला आमच्याकडे माणसं कुठे आहेत? तुमच्याकडे नाहीत, हे मान्य. पण ती शेजारी बसलेली आहेत. बहुतेक उपकेंद्रांवर आता सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, असतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाच्या, स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करणं हे सरकारी कार्यक्रमातलं त्यांचं नेमलेलं कामच आहे. आशाताई त्यासाठी घरोघरी फॉर्म भरतात. विडी-तंबाखू किती, कमरेचा घेर किती, घरात कुणाला आजार आहे का, सगळं विचारतात. आणि तुमच्या शिबिराची खबर त्यांना फ्लेक्सवरून लागते! एकाच माणसाची साखर जानेवारीत पतसंस्थेने मोजली, फेब्रुवारीत मंडळाने, मार्चमध्ये रुग्णालयाने, आणि तिघांच्या तीन चिठ्ठ्या त्याच्या खिशात धुतल्या गेल्या. उपकेंद्राच्या यादीत मात्र त्याच्या नावापुढे ‘तपासणी बाकी’.

बीपीचं काम कसं करावं याचाही नमुना महाराष्ट्रात आहे. २०१७ च्या अखेरीस देशातल्या निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्याकडचे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्यात जादू काही नव्हती. रुग्णाचं एक कार्ड, कोणती गोळी आधी आणि किती याचा सगळ्यांसाठी एकच नियम, जवळच्या केंद्रातच महिन्याची औषधं, आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन. शेवटचा तो फोन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बीपीच्या माणसाला काही दुखत नाही. पंधरा दिवस गोळी घेऊन बरं वाटलं की तो ती सोडतो. ‘काका, गोळ्या संपल्या असतील, गुरुवारी या’ हे कुणीतरी म्हणावं लागतं. पैशांचा प्रश्न तर आता उरलेलाच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. शिबिरात हे कुणी माइकवरून सांगितलं तर माणसं चमकून बघतात.

बायकांबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. माझी सगळी नोकरी त्यांच्यात गेली.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये जगासमोर मांडलं की त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका फक्त आठ टक्के होत्या. इतक्या वर्षांनी आपल्या शिबिरात काय चित्र आहे? शाळेच्या वर्गात दोन बाकं जोडून केलेलं टेबल, खिडकीला साडी बांधलेली, दाराशी मंडळाचे दोन कार्यकर्ते गर्दी आवरायला उभे, आणि लाउडस्पीकरवर ‘स्त्रीरोग विभाग, खोली क्रमांक चार’. कोणती बाई त्या दारातून आत जाईल? गेली तरी अंगावरून पांढरं जातं हे कसं सांगेल? खोलीला कडी हवी, आत बाईच डॉक्टर किंवा निदान बाई माणूस हवं, हात धुवायला पाणी हवं आणि शेजारी संडास हवा. याला देणगीदार लागत नाही. एक तास आधी येऊन खोली नीट निवडली तरी पुरतं.

आणि वेळ. आपला तालुका ऊसतोडीचा आहे हे शिबिराची तारीख ठरवणाऱ्यांना दर वर्षी कसं काय विसरायला होतं? दसरा-दिवाळी झाली की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, मैदान कोरडं, पाहुणे मोकळे. म्हणून शिबिरं नेमकी तेव्हा. तेव्हा वस्तीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं असतात. जिची तपासणी सगळ्यात जास्त व्हायला हवी ती बाई त्या वेळी पहाटे फडात मोळ्या बांधत असते. एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम त्याचे पैसे कापतो, त्यामुळे दुखणं अंगावर काढते. पाडव्याच्या पुढे टोळ्या परत येतात. तेव्हा ऊन असेल, मैदानात मांडव तापेल, तर शिबिर संध्याकाळी घ्या. नाहीतर टोळ्या निघायच्या आधी, भाद्रपदात घ्या.

याच बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, आणि आपल्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ती शस्त्रक्रिया करायची नाही असा दंडक आला. हा विषय इथे मुद्दाम काढते आहे. पोटात दुखतं म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला एका सोनोग्राफीवर ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगणं फार सोपं असतं. भीती दाखवली की बाई लगेच ऐकते. सोनं गहाण ठेवते. मोफत शिबिर हे अशा भीतीचं पहिलं टेबल होऊ शकतं. सगळे असं करतात असं मी म्हणत नाही, बहुतेक डॉक्टर करत नाहीत. पण मागे एका शिबिरात तपासणी मोफत आणि पुढची ‘आवश्यक’ तपासणी फक्त आयोजक रुग्णालयातच, तीही ‘आजच्या दिवस निम्म्या दरात’, असं चाललेलं मी टेबलावर बसून पाहिलं. त्या रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. रुग्णालयांना माझी विनंती साधी आहे. जिला शस्त्रक्रिया सुचवाल तिला दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लेखी सांगा, आणि सिव्हिलला किंवा ग्रामीण रुग्णालयात तेच काम मोफत कुठे होतं हेही त्याच कागदावर लिहा. तुमच्यावर ज्यांचा विश्वास आहे ते तरीही तुमच्याकडेच येतील.

पुरुषांचं एका परिच्छेदात आटोपते, कारण त्यांच्यासाठी लागतं ते फारच थोडं. टॉर्च, लाकडी पट्टी, दोन मिनिटं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तीन बोटं उभी तोंडात जातात का, बरी न होणारी जखम आहे का. गावोगाव गुटख्याच्या पुड्या पडलेल्या असताना आपल्या शिबिरांत हाडांची घनता मोजायचं यंत्र असतं, कारण ते औषध कंपनीचा एमआर आपणहून आणून देतो, आणि तोंडात बघणारा दंतवैद्य नसतो. हे उलटं करा एवढंच.

संख्येच्या हौसेबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. ‘गेल्या वर्षी पाचशे, यंदा हजार’ ही भाषा आरोग्याच्या कामात जीव घेते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदीच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्यांतल्या डझनभर जणी दगावल्या. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा असंच सांगितलं. त्याआधी १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याच्या नेत्रशिबिरात कितीतरी जणांचे डोळे गेले, तेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं होतं. म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन शाळेत-मंगल कार्यालयात करायचे दिवस संपले. शिबिरात फक्त डोळे तपासायचे आणि ऑपरेशन पक्क्या थिएटरमध्ये. तपासणीने कुणी मरत नाही हे खरं. पण एका डॉक्टरपुढे चार तासांत तीनशे माणसं बसवली, तर त्यांतली दोनशे तपासली गेली नाहीत, नुसती मोजली गेली.

आता पैशांचं, आणि इथे मी विश्वस्त मंडळींशी बोलते आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेलेलं आहे, आणि ते आता शिधापत्रिका असलेल्या सगळ्यांना लागू आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. तो शिबिरात का बसत नाही? ज्याच्या छातीच्या पट्टीत, म्हणजे ईसीजीत, गडबड निघाली, त्याला त्याच मांडवात कोणतं रेशनकार्ड आणि आधार घेऊन कुठे जायचं हे कळलं, तर तो जाईल. नाहीतर खर्चाच्या धास्तीने घरी बसेल. आणि धर्मादाय रुग्णालयांना तर हे सांगायलाच नको. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक नुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. त्या खाटांचा फलक शिबिराच्या प्रवेशद्वारावर लावा. फ्लेक्समधला एक फोटो कमी केला तर जागा होईल.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. २०१६ पासून ती तारीख ठरलेली आहे, आणि आता आमच्या वस्त्यांवरच्या सासवाही सुनेला म्हणतात, ‘अगं, नऊ तारीख आली.’ उद्घाटक नाही, मांडव नाही, बातमी नाही. वर्षाकाठी एकच भव्य शिबिर घेण्यापेक्षा रुग्णालयाने आपल्याच ओपीडीत महिन्यातला एक ठरलेला वार मोफत तपासणीला दिला, आणि मंडळांनी त्या दिवशी गावांतून गाडीची सोय केली, तर खर्च बहुधा कमीच येईल. मंडळाचं नाव गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहा. माझी काही हरकत नाही.

भव्य शिबिरच घ्यायचं असेल तर तेही घ्या. मात्र त्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि त्या गावांच्या सीएचओ व आशाताईंना बैठकीला बोलवा. चहा पाजा, त्यांना कुणी पाजत नाही. रजिस्टरात ‘काय निघालं’ आणि ‘पुढे कुठे पाठवलं’ हे दोन रकाने आखा, मोबाइल नंबर घ्या, ज्यांना काही निघालं त्यांची संमती घेऊन यादी उपकेंद्राला द्या. ती यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या बायकोला काय निघालं हे गावाला कळलं, तर पुढच्या वर्षी ती बाई येणार नाही आणि तिची जाऊही येणार नाही. चिठ्ठी दोन प्रतींत लिहा, आणि तिच्यावर मराठीत, सुवाच्य अक्षरात, कुठे आणि कोणत्या तारखेला जायचं ते लिहा. महिनाभराने त्या यादीतल्या प्रत्येकाला एक फोन. मंडळात एवढी पोरं आहेत, गणपतीची वर्गणी न दिलेल्यांची यादी त्यांना पाठ असते. हे काम त्यांना अवघड जाणार नाही.

पुढच्या शिबिराची पत्रिका अजून छापायला गेलेली नाही असं कळलं. तिच्यात ‘फेरतपासणी’ अशी एक ओळ घाला, आणि तारीख टाका, ठिकाण टाका, फोनवर बोलायला कोण असेल त्याचं नाव टाका. नाव ठरत नसेल तर या पहिल्या शिबिरापुरतं माझं टाका. मजकूर पक्का झाला की कळवा. आशाताईंची मासिक बैठक महिनाअखेरीला असते, त्याआधी निरोप मिळाला तर त्या गावागावांत सांगतील.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका